रंग वाळेपर्यंत

कासरवळच्या चितारआळीत पावसाळ्यात गेलात, तर प्रत्येक घराच्या पडवीत रंगवलेले लाकूड वाळत ठेवलेले दिसते. पाट असतात, चौरंग असतात, पाळण्याच्या दांड्या असतात, एखादी नवरीची पेटी असते. आणि प्रत्येक ओल्या वस्तूशेजारी कोणीतरी बसलेले असते. म्हातारी माणसे तांदूळ निवडत बसतात, सुना मुलांची डोकी विंचरत बसतात. गिऱ्हाईक आले तरी उठत नाहीत, बसल्या जागेवरूनच बोलतात. ओला रंग या आळीत एकटा ठेवत नाहीत.

दुसरी एक गोष्ट परक्या माणसाच्या उशिरा लक्षात येते. इथल्या लाकडावर कुंचल्याने काढलेले फूल नसते. आडवी कापलेली भेंडी पांढऱ्या रंगात बुडवून तिचा ठसा उमटवतात, त्याच्या पाच पाकळ्या होतात. रंगात भिजवलेला दोरा लाकडावर ठेवून ओढतात, त्याची वेल होते. कोणालाही जमेल असे हे काम आहे. पण प्रत्येक पाटावर एक फूल असे सापडते, की त्याच्या मधोमध बोट टेकल्याचा बारीक खळगा असतो. बोट लहान मुलाचे असते.

गेल्या श्रावणात शहरातून आलेले एक कुटुंब अंबूताईंच्या पडवीत पाट बघत होते. त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी ओल्या तांबड्या पाटाकडे हात नेत होती. आई ओरडली, "हात लावू नकोस!" मुलगी दचकून मागे झाली.

अंबूताईंनी निवडायचे सूप खाली ठेवले. "रागावू नका हो तिला," त्या म्हणाल्या. "लावू दे बोट. ह्या आळीत ओल्याला हात लावणाऱ्या पोराला कोणी रागावत नाही. एकदा एकाने रागावून बघितलंय."

मग त्यांनी जे सांगितले ते असे. आळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त सांगताना प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ठिकाणी खाली जातो.

फार मागे, गावात सातेरी देवीचे देऊळ कौलारू नव्हते तेव्हा, या आळीत गुणाजी चितारी राहत असे. त्याच्यासारखा रंगाचा हात पुन्हा झाला नाही, असे म्हणतात. खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली तो स्वतः बांधायचा आणि एका श्वासात पाटाची कड ओढायचा. त्याच्या रंगावर कुंचलीची रेघ दिसत नसे, धुळीचा कण दिसत नसे. लोक म्हणायचे, गुणाजीचा पाट माणसाने रंगवलेला वाटतच नाही. हे ऐकून तो खाली बघायचा, पण त्याला ते आवडायचे.

द्वारका त्याची बायको. चिताऱ्याच्या घरी रंग घोटण्याचे काम बायकांचे. हिंगुळाचा तांबडा खडा पाट्यावर वाटायचा, अळशीच्या तेलात राळ विरघळवून रोगण करायचे, दोन्ही एकत्र करून लोण्यासारखे होईपर्यंत घोटायचे. अळशीचे तेल वाळते, म्हणून रंग वाळतो. खोबरेल कधी वाळत नाही. म्हणून रंग घोटायला बसण्याआधी द्वारका डोक्याचे तेल लागलेले हात राखेने घासून धुवायची. खोबरेलाचा एक थेंब रंगात गेला, तर तो रंग महिनाभर बोटाला चिकटत राहतो. हे तिला सासूने पहिल्या दिवशी शिकवले होते.

त्यांना एकच मुलगी होती, आवडी. तिला बापाच्या कुंचल्यात रस नव्हता. ती आईच्या विळीवर भेंडी कापायची, उरलेल्या रंगात बुडवून फळकुटांवर फुले उठवायची आणि मधोमध बोटाने ठिपका द्यायची. एकदा भेंडी कापताना विळी तिच्या डाव्या करंगळीत घुसली. जखम भरली, पण बोटाच्या पेरावर आडवी रेघ राहिली. मग ती त्याच बोटाने ठिपके देऊ लागली, कारण त्या ठिपक्यात रेघ उमटायची आणि तिला ते भारी वाटायचे. गुणाजी म्हणायचा, हा पोरखेळ आहे. द्वारका म्हणायची, पोर आहे म्हणून तर खेळते. आणि ओला रंग दिसला की आवडीला राहवत नसे. वाळला का ते बोट लावून बघितल्याशिवाय ती पुढे जायची नाही. बाप तिला रोज बजावायचा, ती रोज विसरायची.

त्या वर्षी देवीसाठी नवा चौरंग करायचे गावाने ठरवले. दसऱ्याला देवी त्यावर बसायची होती. काम गुणाजीकडे आले. त्याने फणसाचे लाकूड निवडले, घासून घासून गुळगुळीत केले आणि श्रावणात त्यावर हिंगुळी तांबड्याचा शेवटचा हात दिला. चौरंग पडवीत, उंबऱ्याच्या बाहेर वाळत ठेवला. मग तो जेवायला आत गेला.

बाहेर आला तेव्हा चौरंगाच्या एका कोपऱ्यावर करंगळीचा ठसा होता. आत आडवी रेघ.

आवडी खांबाशी उभी होती. लपली नव्हती. बोट तांबडे होते आणि ते तिने पाठीमागे धरले होते. गुणाजीने तिला मारले नाही. हे सांगताना सगळे आवर्जून सांगतात, की त्याने तिला कधीच मारले नाही. तो फक्त म्हणाला, "जा, भायर जा. ह्यो रंग वाळापर्यंत घरात पाऊल घालू नको."

आत द्वारका ताट घासत होती. तिने ऐकले. तिला वाटले, घटकाभराने त्याचा राग जाईल, पोर मागच्या दाराने येईल. ती ताट घासत राहिली.

गुणाजीने ठशावर रंगाचा नवा हात फिरवला. चिताऱ्याचा हातच तो. डाग दिसला की आधी हात चालतो, मन मागून येते.

आवडी आळीच्या खालच्या ओढ्याकडे, व्हाळाकडे गेली. व्हाळाच्या काठी केवड्याचे बन आहे, ते तुम्ही येताना पुलावरून पाहिले असेल. वाळलेल्या रंगाला केवड्याच्या पातीने घासले की चकाकी येते, म्हणून चिताऱ्यांची मुले पाती आणायला तिथे जातात. बापाला खूश करायला ती पाती आणायला गेली असावी. वर डोंगरात पाऊस कोसळत होता आणि व्हाळ फुगत होता. दिवस कलला तरी पोर येईना, तेव्हा आळी दिवट्या घेऊन खाली उतरली. काठावर पातींची एक मोळी मिळाली, परकराच्या चिंधीने नीट बांधलेली. दुसरे काही मिळाले नाही. खाडीपर्यंत माणसे जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी पडवीत आला, तर चौरंगावर ठसा होता. तोच कोपरा, तीच करंगळी, तीच रेघ.

त्याने कोणाला हाक मारली नाही. कुंचली घेतली, हात फिरवला आणि पुन्हा व्हाळाकडे शोधायला गेला. त्याच्या पुढच्या सकाळी ठसा परत होता. त्याने परत रंग दिला. लोक म्हणतात, त्याला ते बघवत नव्हते. काही म्हणतात, देवीच्या आसनावर डाग नको एवढेच त्याला कळत होते, बाकी सगळे कळणे बंद झाले होते. तो जेवायचा नाही, बोलायचा नाही. सकाळी उठून रंग द्यायचा.

द्वारकेला मात्र पहिल्याच दिवशी कळले. पोर गेली आहे, आणि पोर येते आहे. दोन्ही खरे आहे. रंग वाळला का, ते ती बघायला येते.

तिने हे नवऱ्याला सांगितले नाही. आता ती त्याच्या आधी उठायची, पडवीत जाऊन चौरंगापाशी बसायची. ठशाच्या वर, रंगाला न टेकता, आपली करंगळी धरायची. कोपऱ्यातल्या त्या एवढ्याशा खळग्यात तिला तिचे मूल दिसायचे. नखाची कड दिसायची. कधी ठसा खोल असायचा, कधी उथळ. खोल असला तर ती दिवसभर त्याचा अर्थ लावत बसायची. मग गुणाजी यायचा आणि तिच्या समोर ते पुसून टाकायचा, आणि द्वारका त्याच्यावर चिडायची नाही. उद्या परत उमटेल हे तिला माहीत होते, फक्त रंग ओला असला पाहिजे.

श्रावण सरला. उन्हाची तिरीप पडायला लागली. चौरंगाच्या पायांवरचा रंग वाळला, मग कडा वाळल्या. एका सकाळी कोपऱ्यावरचा ठसा इतका पुसट होता, की तो आहे की नाही हे तिला वाकून बघावे लागले.

त्या दिवशी हिंगूळ घोटायला बसताना द्वारकेने हात राखेने धुतले नाहीत. भिंतीतल्या देवळीतून खोबरेलाची वाटी काढली आणि त्यातला एक थेंब पाट्यावर सोडला.

तेव्हापासून तो रंग वाळेना. गुणाजीला वाटले, हवा दमट आहे. राळ नवीन आहे, तीच बरी नसेल. त्याच्या मनात बायकोचा संशय आला नाही, कारण चिताऱ्याच्या घरात असे कोणी करत नाही. दसरा जवळ आला. देवळाचे मानकरी भिवा गावकर पडवीत येऊन चौरंगाला बोट लावून गेले, पुढच्या आठवड्यात परत आले, परत बोट तांबडे करून घेतले. शेवटी पायरीवर बसून म्हणाले, "गुणाजी, तुझो चौरंग आधी वाळता की आमची हाडां?" एरवी गुणाजी यावर हसला असता. गावकरांच्याही ते लक्षात आले आणि ते बोट पानाला पुसत उठून गेले.

त्या दिवसांत हस्ताचा पाऊस लागला. एका दुपारी गुणाजी राळ आणायला पेठेत गेला होता. द्वारका आत आडवी झाली होती. दार उघडे होते. पावसाचा आवाज होता आणि त्या आवाजात तिला पडवीतले दुसरे काही ऐकू आले नाही. उठून बाहेर आली, तेव्हा ठसा नुकताच उमटला होता. त्याच्याभोवती पाण्याचे कडे होते. तांबड्यावर पाणी थरथरत होते.

तिने खाली पाहिले. चौरंगापाशी सारवलेल्या जमिनीवर दोन ओली पावले होती. तिथून ती उंबऱ्यापर्यंत गेली होती. उंबऱ्याला अंगठे लावून, घराकडे तोंड करून उभी राहिली होती, आणि बराच वेळ राहिली असावी, कारण तिथे पाण्याचे लहानसे थारोळे झाले होते. उंबऱ्याच्या आत काही नव्हते. आतली जमीन कोरडी होती. मग पावले वळली होती आणि पायऱ्या उतरून अंगणात, पावसात गेली होती.

द्वारका तिथेच बसली. दार उघडे होते. आई आत पाच हातांवर निजली होती. पोर दारात उभी राहून आत बघून गेली होती, आणि आत आली नव्हती, कारण रंग ओला होता. जन्मात कधी बापाचे ऐकले नाही एवढे पोर आता ऐकत होती.

इतके दिवस द्वारकेला वाटत होते, पोर मला भेटायला येते. आता तिला कळले, ती घरी यायला बघते आहे, आणि मी तिला पावसात उभी करून ठेवली आहे.

गुणाजी भिजून परत आला, तेव्हा ती तशीच उंबऱ्यात बसलेली होती. पावले अजून पुरती वाळली नव्हती. तिने बोटाने दाखवली. तो बघत राहिला.

"चेडू भायर भिजता हा," ती म्हणाली. "रंगात खोबरेल मी घालतंय. रोज."

तो राळेची पुडी हातात घेऊन उभा राहिला. ती अंगावर येणाऱ्या शब्दांची वाट बघत होती. पण तो खाली बसला आणि म्हणाला, "आणि रोज नवो हात मी देतंय." एवढेच. एकाने दाराला बाहेरून कडी घातली होती आणि दुसऱ्याने आतून, हे दोघांनाही दिसले होते.

त्यांनी चौरंगाचा सगळा रंग खरवडून काढला. खोबरेल प्यालेले लाकूड राखेने घासले, आणि पाऊस उघडला तशी दिवसभर उन्हे दिली. द्वारकेने कोपरापर्यंत हात धुतले आणि हिंगूळ नव्याने घोटला, नुसत्या अळशीच्या तेलात. गुणाजीने एकच हात दिला. तो पातळ होता आणि पहिल्याइतका सफाईदार नव्हता, असे सांगतात. मग दोघे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

बाहेर आले, तेव्हा कोपऱ्यावर ठसा होता.

गुणाजीचा हात कुंचलीकडे गेला. द्वारकेने तो धरला. तिला जोर करावा लागला नाही, पण तिने तो बराच वेळ सोडलाही नाही. मग त्यांनी सोललेल्या नारळाच्या सोडणांची शेगडी पेटवून चौरंगापासून हातभर ठेवली आणि एक इकडे, एक तिकडे असे बसले. आळीतल्या बायका जेवण आणून ठेवून जात होत्या. पाऊस पुन्हा लागला होता. द्वारका मधून मधून अंगणाकडे बघायची आणि शेगडीत सोडण घालायची. हा रंग वाळला की पुन्हा ठसा उमटणार नाही, हे तिला माहीत होते. हात थांबत होता तो तेवढ्यासाठी. मग ती सोडण घालायची.

त्यातच भिवा गावकर आले. छत्री मिटून चौरंगाकडे वाकले आणि त्यांचा चेहरा पडला. देवीच्या आसनाला डाग चालायचा नाही, असे ते गुणाजीला हळूच म्हणाले.  उत्तर द्वारकेने दिले.

"डाग न्हय तो, गावकरांनू. फूल आसा. पुरां करूचां ऱ्हवलां."

ती आत गेली, विळीवर एक भेंडी कापून आली. कोपऱ्यातला रंग तेवढ्यात वाळला होता. तिने भेंडी पांढऱ्यात बुडवली आणि ठसा मधोमध धरून, आपल्या लेकीसारखी, पाच पाकळ्या उठवल्या. वाटीत दोरा भिजवला, कडेवर ठेवून ओढला, तर वेल झाली. गावकर बघत होते. त्यांनी डोक्यावरचे पागोटे काढून गुडघ्यावर ठेवले आणि तेही तिथेच बसले.

दिवस मावळायच्या आधी गुणाजीने बोट उलटे करून चौरंगावर टेकवले. सगळीकडे टेकवले, कोपऱ्यावर शेवटी. बोट कोरडे राहिले. त्याने द्वारकेकडे पाहिले. शब्द त्याने घातला होता, तो त्यालाच काढायचा होता. ती वाट बघत राहिली. 

मग तो अंगणाकडे तोंड करून म्हणाला, "वाळलो गो, बाये. घरात ये."

पाऊस पडतच होता. गावकर पुढे लोकांना सांगायचे, की मला काही दिसले नाही, फक्त अंगावरून गार वारा गेल्यासारखे वाटले आणि केवड्याचा वास आला. द्वारकेने मात्र उंबऱ्याच्या आत पाहिले. कोरड्या जमिनीवर एक ओले पाऊल उमटले. मग दुसरे. पावले चुलीपाशी गेली, तिथे पोर जराशी थांबली, शेकायला थांबावी तशी. मग माजघराच्या कोपऱ्यात, जिथे तिची वाकळ गुंडाळून ठेवलेली होती, तिथे गेली. तिथून पुढे पावले नव्हती.

द्वारका आत जाऊन त्या पावलांशेजारी बसली. बघता बघता पावले कडेने वाळायला लागली. आधी टाचा, मग चवडे, शेवटी बोटे. दिवा लावायच्या वेळी जमीन कोरडी होती.

त्यानंतर त्या घरात कधी ठसा उमटला नाही. द्वारकेने त्या वर्षी दिवाळीपर्यंत माजघर सारवले नाही, आणि तिला कोणी त्याबद्दल विचारले नाही. चौरंग देवळात गेला. दसऱ्याला देवी त्यावर बसली. गुणाजीने कुंचली पुन्हा हातात धरली नाही, असे म्हणतात. दोघे नवरा-बायको भेंडीने फुले उठवत आणि दोऱ्याने वेली ओढत म्हातारे झाले, आणि आळीतली पोरे यायची ती ओल्यावर बोट लावून पळायची. त्यांना कोणी काही म्हणायचे नाही.

अंबूताई थांबल्या. पाटावरचा तांबडा रंग अजून ओला होता. मुलीने आईकडे पाहिले. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. मग मुलीने पुढे होऊन करंगळी टेकवली आणि आपल्या बोटाकडे बघून हसली.

पाट त्याच दिवशी न्यायचा होता, पण अंबूताईंनी लगेच दिला नाही. ते कुटुंब पेठेत जेवून परत आले, तेव्हा अंबूताई तिथेच होत्या आणि ठशाभोवती पाच पाकळ्या उमटल्या होत्या. त्यांनी बोट उलटे करून पाटावर टेकवले. मग अंगणाकडे, कोसळत्या पावसाकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "वाळलो गो, बाये. घरात ये."

आजही कासरवळच्या चितारआळीत रंग वाळला की ही हाक घालतात. वारा कुठूनही असो, पावसाची झड आत येत असो, त्या वेळी दार उघडे असते. हाक घातल्यावर पाट लगेच उचलत नाहीत. अंगणातून कोणी लहान पावलांनी पायऱ्या चढून आत यावे, एवढा वेळ सगळे गप्प बसून राहतात. मग कोणीतरी उठते, उंबऱ्याच्या आतली जमीन एकदा बघते, आणि पाट गिऱ्हाइकाच्या हातात देते.